किकऑफ मारणाऱ्या टीमलाच बॉल परत कसा काय मिळतो?

तुम्ही विचारलंय की अमेरिकन फुटबॉलमध्ये ज्यांनी किकऑफ मारला त्यांनीच धावत जाऊन बॉल पकडला आणि पंचांनी तो त्यांनाच देऊन टाकला, हे नियमात बसतं का? आणि बसत असेल, तर सगळे दर वेळी हेच का करत नाहीत?

बसतं. किकऑफ म्हणजे हाफ सुरू करताना किंवा गुण मिळवल्यावर समोरच्यांकडे मारायची किक. तिचा बॉल १० यार्ड पुढे गेला की तो कुणाचाच नसतो, ज्याच्या पोटाखाली सापडेल त्याचा. १० यार्डांच्या आत समोरच्या टीममधल्या कुणाला तो लागला, अगदी चुकून बुटाला जरी घासला, तरी तिथपासून मोकळा. क्रिकेटची पिच २२ यार्डांची असते. म्हणजे हे अंतर तिच्या निम्म्यालाही पोचत नाही. एवढ्यासाठी मुद्दाम हळू मारलेल्या किकला ऑनसाइड किक म्हणतात.

आता खरी गंमत. ही १० यार्डांची अट फक्त मारणाऱ्या टीमला आहे. समोरच्यांनी तो दुसऱ्या यार्डावर उचलला तरी चालतं. वाचायला सोपं वाटतं, पण मी स्वतः बघितलंय की मैदानावर पट्टीच्या खेळाडूंचेही पाय इथेच अडखळतात.

मी डॅलसच्या जवळ, प्लेनोला राहतो. सप्टेंबर २०२० मध्ये आमच्या डॅलसची टीम काउबॉइज आणि अटलांटा फाल्कन्सची मॅच होती. पहिल्या क्वार्टरमध्येच फाल्कन्स २०-०ने पुढे, त्यामुळे मी टीव्ही तसाच सोडून भांडी घासायला उठलो. ओल्या हातांनी परत आलो तेव्हा ३९-३७ झालं होतं, दोन मिनिटांपेक्षा कमी वेळ उरला होता आणि काउबॉइजला बॉल परत मिळाल्याशिवाय काही आशा नव्हती. त्यांचा किकर ग्रेग झुरलाइन. त्याने टी (बॉल उभा ठेवायचा छोटा स्टँड) न वापरता बॉल मैदानावर आडवा ठेवला आणि असा काही टोलवला की तो भोवऱ्यासारखा गरगरत, अगदी सावकाश पुढे सरकायला लागला. अंगणात साप निघाला की माणसं अंतर राखून त्याच्या बाजूबाजूने चालतात ना, तसे फाल्कन्सचे तीन-चार जण त्या बॉलबरोबर चालत राहिले. कुणी वाकेना. १० यार्डांच्या आधी थांबेल, किंवा काउबॉइजपैकी कुणी घाईने हात लावेल, मग आयताच आपला, असा हिशेब असणार. बॉलने रेषा गाठली आणि काउबॉइजच्या सी. जे. गुडविनने त्यावर अंग टाकलं. मग झुरलाइननेच ४६ यार्डांवरून फील्ड गोल मारला, म्हणजे दोन खांबांमधून बॉल मारून तीन गुण, ४०-३९. भांडी राहिली ती राहिलीच.

दर वेळी का करत नाहीत? कारण फसलं तर फार महागात पडतं. किक आपल्या बाजूच्या ३५ यार्डांच्या रेषेवरून मारतात, म्हणजे बॉल समोरच्यांना मैदानाच्या मधोमध मिळतो आणि दोन-चार बऱ्या चाली झाल्या की ते फील्ड गोलच्या टप्प्यात. त्यात २०१८ पासून एनएफएलने, म्हणजे तिथल्या मुख्य व्यावसायिक लीगने, मारणाऱ्या टीमची धावत येऊन उडी घेण्याची सोय काढून घेतली. आधी साधारण पाचातली एक साधायची, नंतर दहातली एक साधली तरी खूप.

किकर बॉल जमिनीवर का आपटतो, हेही सांगतो, कारण ते बघताना विचित्र दिसतं. किक थेट हवेत गेली तर समोरचा हात वर करून फेअर कॅच मागू शकतो, म्हणजे झेल घेताना त्याला कुणी हात लावायचा नाही. बॉल एकदा जमिनीला लागून उडाला की ती सवलत संपली. शिवाय आकार असोल्या नारळासारखा. पहिला टप्पा बारीक, दुसरा एकदम डोक्याएवढा, आणि दिशा त्याची त्याला ठाऊक.

मारणाऱ्या टीमने बॉल मिळवला की खेळ तिथेच थांबतो, घेऊन पळता येत नाही. समोरच्याने आधी नीट ताब्यात घेऊन मग हातातून सोडला असेल तर मात्र पळा खुशाल.

पंटचं गणित वेगळं. पंट म्हणजे हातातून सोडून लांब मारलेली किक: बॉल तुम्हाला देतोय, फक्त लांब नेऊन. समोरच्यांनी हात लावेपर्यंत तो त्यांचाच. मारणाऱ्यांनी अडवला तरी फायदा जागेचा तेवढा. ही दोन्ही गणितं डोक्यात एक झाली की काय होतं, ते १ जानेवारी २०१७ ला बफेलो बिल्सने दाखवलं. न्यूयॉर्क जेट्सचा किकऑफ घरंगळत बिल्सच्या एंड झोनमध्ये (मैदानाच्या टोकाचा, गुण मिळवायचा पट्टा) गेला, बिल्सच्या खेळाडूने पंट असल्यासारखा तो सोडून दिला, आणि जेट्सच्या डग मिडलटनने जाऊन त्यावर झेप घेतली. टचडाउन, म्हणजे थेट सहा गुण! २०१८ पासून हे होत नाही. कुणी न शिवता बॉल एंड झोनमध्ये जमिनीला लागला की तो मेला, म्हणजे खेळ तिथेच थांबतो.

आणखी एक बदल लक्षात ठेवा, नाहीतर जुने व्हिडिओ बघून गोंधळ उडेल. २०२४ पासून एनएफएलमध्ये नेहमीच्या किकऑफला मारणाऱ्या टीमचे दहा जण समोरच्यांच्या ४० यार्डांच्या रेषेवर उभे असतात, आणि बॉल समोरच्यांच्या २० यार्डांच्या रेषेपलीकडे पडला नाही तर थेट त्यांना दिला जातो. ऑनसाइड मारायची असेल तर आधी पंचांना सांगावं लागतं. २०२४ मध्ये ती मुभा फक्त चौथ्या क्वार्टरमध्ये आणि तुम्ही मागे असाल तरच होती. २०२५ मध्ये मागे असलेल्यांना कधीही. फेब्रुवारी २०१० च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएलच्या फायनलमध्ये, न्यू ऑर्लिन्स सेंट्सने १०-६ असे मागे असताना दुसऱ्या हाफची सुरुवातच न सांगता ऑनसाइडने केली होती, बॉल मिळवला आणि मॅच ३१-१७ने काढली. आता तेच करायचं तर कोचला आधी पंचांकडे जाऊन चोरी करतोय म्हणून सांगावं लागेल. कॉलेजच्या मॅचमध्ये मात्र अजून चालतं.