महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात प्राध्यापक व कर्मचाऱ्यांच्या यशाची नोंद कशी करावी?

आपण बेळगावच्या महाविद्यालयातील मराठी विभागाच्या अंकासाठी विचारले आहे, म्हणून सर्वांत जास्त गफलत जिथे होते त्या पेटंटपासून सुरुवात करतो. भारतात पेटंटचा अर्ज साधारणपणे १८ महिन्यांनी अधिकृत जर्नलमध्ये प्रसिद्ध होतो. ती केवळ प्रसिद्धी असते, मंजुरी त्यानंतर परीक्षण होऊन मिळते, त्यामुळे ‘अर्ज दाखल’, ‘प्रसिद्ध’ आणि ‘मंजूर’ हे तीन शब्द काटेकोरपणे वेगळे वापरावेत.

शोधनिबंधाबाबत नियतकालिकाचे नाव, वर्ष आणि सहलेखक द्यावेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार थेट भरतीत सहयोगी प्राध्यापकपदासाठी किमान ७ आणि प्राध्यापकपदासाठी किमान १० प्रकाशने अपेक्षित आहेत, त्यामुळे ही नोंद उमेदवारालाही पुढे उपयोगी पडते. आयोगाची मान्य संशोधन-नियतकालिकांची ‘केअर’ यादी २०२५ मध्ये बंद झाली असल्याने आता नियतकालिकाचा दर्जा संपादक मंडळ आणि समीक्षणाची पद्धत पाहून आपणच तपासावा लागतो.

पीएच.डी. आणि पुरस्कार यांची नोंद एका ओळीत भागते.

शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना मात्र कृपया वगळू नका. जुन्या मराठी आणि कन्नड पुस्तकांची सूची लावणारे ग्रंथपाल, प्रयोगशाळेतील बंद उपकरण दुरुस्त करणारे सहायक यांच्या कामावर अनेकांचे संशोधन उभे असते, आणि सीमाभागात दोन्ही भाषांतील ग्रंथ सांभाळणे हे माझ्या मते एखाद्या शोधनिबंधाइतकेच मोलाचे आहे.