आरतीचे फोटो जेपेगमध्ये की रॉमध्ये?

प्रश्न: नाशिकच्या रामकुंडावर संध्याकाळच्या आरतीचे फोटो जेपेगमध्ये काढले, सगळे पिवळेजर्द आले, मागचा घाट काळाकुट्ट, उजळ करायला गेले तर नुसते डाग. रॉ वापरू का?

उत्तर: हो ताई, आरतीला रॉच लावा, म्हणजे सेन्सरने टिपलेली माहिती जवळपास जशीच्या तशी ठेवणारी फाइल. जेपेगमध्ये कॅमेरा स्वतःच रंग ठरवून बाकीचं फेकून देतो, प्रत्येक रंगाच्या २५६च पायऱ्या उरतात, १४ बिट रॉमध्ये १६,३८४ असतात म्हणून अंधारातला घाट, पाण्यातले दिवे असं बरंच वर काढता येतं आणि पिवळेपणा व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग जुळवणारी सेटिंग) बदलून नंतरही जातो. पण ज्योत पूर्ण पांढरी पडली तर रॉमध्येही परत येत नाही, एक्स्पोजर (फोटोत घेतला जाणारा उजेड) जरा कमीच ठेवा. नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात उडते पक्षी टिपताना मात्र मी जेपेगच लावते, रॉने बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी) पटकन भरतो आणि नेमका थवा उठला की कॅमेरा अडकतो.