इनोनूची पहिली लढाई: नाव मोठं, लक्षण खोटं?

तुम्ही विचारलंय, की ग्रीक-तुर्की युद्धातली जानेवारी 1921 ची इनोनूची लढाई जर किरकोळ चकमक होती, तर तुर्कस्तानात तिचा एवढा गाजावाजा का?

नुसती लढाई म्हणून पाहिली तर शंका रास्त आहे. एस्किशेहिरच्या पश्चिमेला, रेल्वेमार्गावरचं हे लहानसं गाव. ग्रीक फौज बुर्साहून चालून आली, 10 जानेवारीला दिवसभर जुंपली. संध्याकाळी तुर्की सेनापती इस्मत बे यांनी आपल्या माणसांना मागे सरकायला सांगितलं, आणि गंमत म्हणजे ग्रीकांनीही काढता पाय घेतला! आम्ही फक्त चाचपणी करायला आलो होतो, असं ग्रीकांचं म्हणणं.

पण अंकाराची, म्हणजे मुस्तफा केमाल (पुढचे अतातुर्क) यांनी तिथे उभारलेल्या राष्ट्रवादी सरकारची, तेव्हाची अवस्था बघा. नियमित सैन्य नुकतं कुठे उभं राहत होतं. कालपर्यंत त्यांच्याच बाजूने लढणारा टोळीप्रमुख चेर्केस एथेम नेमका तेव्हाच कुताह्या शहराच्या भागात त्यांच्यावर उलटला होता. अशात इस्मत टिकले, एवढंही पुष्कळ होतं. फेब्रुवारीत दोस्त राष्ट्रांनी (पहिल्या महायुद्धातल्या विजेत्यांनी) लंडनच्या परिषदेला इस्तंबूलच्या सुलतानाच्या सरकारबरोबर अंकारालाही बोलावलं. (याला ग्रीसमधलं राजकारणही कारण होतं. पंतप्रधान व्हेनिझेलोस निवडणूक हरले होते आणि परतलेला राजा कॉन्स्टंटाइन दोस्त राष्ट्रांना नको होता.) परिषदेत सुलतानाचे वृद्ध वजीर तेव्फिक पाशा यांनी बोलायचा मान अंकाराच्या प्रतिनिधींना देऊन टाकला. माझ्या मते रणांगणापेक्षा मोठी जीत ही.

परिषद फिसकटली आणि मार्चअखेर ग्रीक पुन्हा तिथेच आले. ही दुसरी लढाई मात्र चांगलीच रक्तरंजित. 1 एप्रिलला इस्मत यांनी मेत्रिस्तेपे टेकडीवरून तार केली: साडेसहाला इथून दिसतंय ते असं, बोझ्युयुक (जवळचं गाव) जळतंय, शत्रू हजारो प्रेतं टाकून निघून गेलाय. मुस्तफा केमाल यांनी उलट कळवलं, की तुम्ही शत्रूलाच नाही, राष्ट्राच्या फुटक्या नशिबालाही हरवलंत. लोकांच्या मनात दोन्ही लढाया एक झाल्या आणि दुसरीचं वजन आपसूक पहिलीलाही मिळालं. त्यात 1934 च्या आडनाव कायद्यानंतर इस्मत यांना केमाल यांनी आडनाव दिलं तेही इनोनू, आणि 1938 मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले. मग गाजावाजा कमी होणार कसा?

मात्र इनोनूच्या लढायांनी युद्धाचा निकाल लावला असं कुणी सांगितलं तर मानू नका. 1921 च्याच जुलैत ग्रीकांनी एस्किशेहिरसकट हा सगळा टापू घेतला आणि तुर्की फौज साकार्या नदीपलीकडे हटली. ग्रीकांची आगेकूच थांबली ती तिथे, सप्टेंबरमध्ये.