सीझन संपला, पण नाद सुटंना!

प्रश्न: मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतला. ऑनलाईन फुटबॉल लीगमध्ये माझी टीम हाय, मॅच कॉम्प्युटरच खेळवतो, आपण फक्त अकरा जण आणि डावपेच लावून ठेवायचे. सीझनला बारावा आलो. आता सुट्टीत 16 टीमची नॉकआउट (हरला की बाहेर) हाय, पॉइंट काय मिळत नाहीत, मग खेळायचं कशाला?

उत्तर: भावा, पॉइंट नाहीत हीच तर मजा! लीगमध्ये बारावा म्हणजे बारावाच, पण इथं सलग चार मॅच मारल्या की कप घरात. शाहू स्टेडियमवर पाटाकडील-शिवाजी या आपल्या कोल्हापूरच्या दोन टीमची मॅच बघितली असशीलच, पेनल्टीला गेली की गॅलरीत कुणाच्या पोटात अन्न राहतंय का? तसंच रात्री रिझल्ट लागायच्या आधी मोबाईल हातात धरून बसायचं, चहा गार झालेला कळत पण नाही. वर्षभर 4-4-2 (चार डिफेंडर, चार मिडफिल्डर, दोन स्ट्रायकर) लावून कंटाळला असशील तर 3-5-2 लावून बघ, बेंचवर कुजलेली पोरं उतरव, हरलास तरी टेबलात खाली जात नाहीस. फक्त एक, इंजुरी पुढच्या सीझनला धरतात का ते नियमात आधी बघ, धरत असतील तर मेन स्ट्रायकरला बसव घरी. आणि फायनलला गेलास तर आम्हाला कळव, मिसळ तुझ्याकडं!