जुने काचमणी विकत घेण्याआधी

आधी दहापट भिंग घ्या, पुस्तकं नंतर. मणी पाहताना नक्षीकडे नाही, भोकाकडे बघा. काचेची नळी ओढून तुकडे केलेल्या मण्यात बुडबुडे भोकाला समांतर, लांबट दिसतात. तारेभोवती वितळलेली काच गुंडाळलेल्या मण्यात रेषा भोकाभोवती फिरतात. एवढं ओळखता आलं की निम्मं काम झालं.

मुरानो या व्हेनिसजवळच्या बेटावरचे शेव्हरॉन मणी (रंगीत काचेच्या एकावर एक थरांचे, टोकाला चांदणीसारखी नक्षी दिसणारे) सर्वांनाच हवे असतात, म्हणून नकलाही त्यांच्याच जास्त. टोकाकडून थर मोजा. सात थरांचे साधारण १५०० च्या सुमारास सुरू झाले. चार किंवा सहा थरांचे बहुतेक नंतरचे. पण सात थर म्हणजे जुनाच असं धरू नका, आजही तसे बनतात. खरी झीज भोकाच्या कडांवर असते, जिथे शेजारचा मणी वर्षानुवर्षं घासलेला असतो. सगळीकडे सारखाच खरबरीत, मंद पृष्ठभाग दिसला तर जुना भासावा म्हणून आम्लात बुडवल्याची शंका घ्या.

लाल मण्याचा गाभा पाहा: हिरवट गाभ्याचे सहसा पांढऱ्या गाभ्याच्या मण्यांपेक्षा आधीचे.

धुण्याची घाई नको. पृष्ठभाग चिकट किंवा बारीक तडकलेला असेल तर काच आजारी आहे, म्हणजे ती आपोआप खराब होत चालली आहे. पाण्यात भिजवू नका, कोरड्या मऊ ब्रशने पुसा आणि वेगळा ठेवा.