कॅलिपर नळीवर लोंबकळू देऊ नका

प्रश्न : आंबेनळी घाट उतरताना ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं. पुढचे पॅड आणि डिस्क घरीच बदलू का?
– एक वाचक, महाड

उत्तर : बदला, पण दोन्ही बाजूंचे एकदमच. सपाट जागा, मागच्या चाकांना दगड, आणि नुसत्या जॅकवर भरवसा नको. खाली स्टँड हवाच. कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, सोडलात की तारेने चाकाजवळच्या स्प्रिंगला बांधा. माझ्या हातून एकदा तो सुटून ब्रेक ऑइलच्या नळीवर लोंबकळला, नवी नळी घालावी लागली. कॅलिपरमधला पिस्टन हळूहळू मागे दाबा, तेव्हा ब्रेक ऑइलच्या डबीकडे लक्ष ठेवा. उतू गेलं तर गाडीचा रंग जातो.

आता खरी मेख. जुनी डिस्क निघाली की हबवर, म्हणजे डिस्क जिथे बसते त्या भागावर, तांबूस गंजाचे पापुद्रे दिसतील. तारेच्या ब्रशने पार घासून काढा, नाहीतर नवी डिस्कही तशीच थरथरेल. नव्या डिस्कवरचं तेल ब्रेक क्लीनरने पुसा, पॅडला बोट लावू नका.

गाडी जागची हलवण्याआधी पेडल कडक लागेपर्यंत दाबत राहा. पहिल्यांदा ते थेट तळाला जातं. पहिले २००-३०० किलोमीटर जोरात ब्रेक मारू नका. तोवर घाटात जाऊ नका.