जिल्हा परिषदेच्या शाळेला ४० हजार लोकवर्गणी मिळणार आहे. टॅब घ्यावेत की प्रोजेक्टर? आणि नव्या शिक्षकाने कोणती ॲप्स वापरावीत?

टॅब नको, आणि प्रोजेक्टर तर मुळीच नको. मी १९ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवते, त्यातली ११ जळगाव जिल्ह्यातल्या पारोळा तालुक्यात. या प्रश्नावर मला गप्प राहवत नाही.

आमच्या गावाने २०१६ साली कापसाच्या पैशातून वर्गणी काढली होती. ६२ हजार जमले. कोणी पाचशे दिले, कोणी पाच हजार. एका आबांनी तर कापूस विकून घरी जायच्या आधी शाळेत येऊन पैसे मोजले. त्यातून प्रोजेक्टर आला, पडदा आला, अभ्यासक्रम भरलेला पेनड्राइव्ह आला. नारळ फुटला, फोटो निघाले. पहिले पंधरा दिवस शाळा सुटली तरी पोरं घरी जाईनात. पण तिसरीच्या वर्गाला मी विचारायचे, "काय पाहिलं रे?", तर पडद्यावरचं वाक्य जसंच्या तसं परत यायचं. स्वतःचं म्हणून एक वाक्य नाही. पडद्यावरच्या बाई जी मराठी बोलायच्या ती माझ्या वर्गातल्या एकाच्याही घरी कोणी बोलत नाही. आमच्याकडे अहिराणी बोलतात : 'आहे'ला 'शे', 'इथे'ला 'आठे', 'आला'ला 'उना'. दुसऱ्या पावसाळ्यात प्रोजेक्टरचा दिवा गेला. नव्या दिव्याची किंमत ऐकून गावाने हात वर केले, आणि त्यांचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही.

त्याच वर्गात एक मुलगा होता. पहिलीपासून रोज शाळेत यायचा, हजेरीला 'हजर' म्हणायचा, त्यापुढे शब्द नाही. 'आकलन कमी' असा शेरा मागच्या वर्गातून त्याच्यासोबत आला होता. एके दिवशी दुपारपासून पाऊस लागला, लाइट गेलेली. एका मुलीची मोठी माय (आमच्याकडे आजीला असंच म्हणतात) तिला न्यायला आली ती व्हरांड्यातच अडकली. पोरं तिच्याभोवती गोळा झाली आणि तिने कोल्ह्याची गोष्ट सुरू केली, अस्सल अहिराणीत. मी मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू केलं. काही योजना वगैरे नव्हती, गोष्ट गोड होती म्हणून.

दुसऱ्या दिवशी वर्गात ती ऐकवली. मध्येच हा मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, आठे चुकनी. मन्ही मोठी माय अशी नही सांगत." तीन वर्षांत त्याच्या तोंडून मी ऐकलेलं ते पहिलं पूर्ण वाक्य. मी म्हटलं, मग तू सांग. त्याने सांगितली. तीही रेकॉर्ड केली, त्यालाच परत ऐकवली, मग त्याचीच वाक्यं फळ्यावर अहिराणीत लिहिली आणि शेजारी वर्गाने पुस्तकातल्या मराठीत लिहायची. 'कोल्हा उना' इकडे, 'कोल्हा आला' तिकडे. क्रियापद शिकवायला मला यापेक्षा चांगला तास कधी मिळालेला नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो मुलगा स्वतःच्या हाताने पाच-सहा ओळी लिहायला लागला, प्रमाण मराठीत.

तेव्हाचे केंद्रप्रमुख (आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी) भेटीला आले, त्यांनी हे ऐकलं आणि पुढच्या शिक्षण परिषदेत चाळीस शिक्षकांसमोर मला सुनावलं : "पोरांची भाषा सुधारायची सोडून बाई बिघडवताहेत." मी त्या दिवशी गप्प बसले. आज बसत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९चा आहे. त्याच्या कलम २९मध्ये स्पष्ट लिहिलंय की शक्य असेल तिथवर मुलाला त्याच्या मातृभाषेतून शिकवावं. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही निदान पाचवीपर्यंत तेच सांगितलं. २०११च्या जनगणनेत खानदेशी या नावाखाली (अहिराणी त्यातच धरली आहे) १८ लाखांवर लोकांची मातृभाषा नोंदली गेली. एवढी माणसं अशुद्ध बोलत नाहीत, साहेब. ती त्यांची भाषा बोलतात. आणि साने गुरुजी शेजारच्या अमळनेरात शिक्षक असताना वसतिगृहातल्या मुलांसाठी रोजचं दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढत. साधन म्हणजे कागद आणि शाई, पण मजकूर त्या मुलांच्या रोजच्या जगण्याचा. खानदेशातल्या शिक्षकाला आणखी कोणाचा दाखला हवा?

म्हणून सांगते, मोबाइलमधला साधा रेकॉर्डर हे वर्गातलं पहिलं साधन. रेकॉर्ड करताना फोन विमान मोडवर टाका, नाहीतर गोष्ट ऐन रंगात असताना कोणाचा तरी फोन येतो. पंखा बंद करा. फोन तोंडापासून वीतभर अंतरावर. पत्र्याचं छप्पर असेल तर पावसात करूच नका (माझी पहिली फाइल निम्मी पावसाचीच आहे). एक गोष्ट एक फाइल, नावात तारीख आणि गोष्टीचं नाव, आणि त्याच संध्याकाळी पेनड्राइव्हवर प्रत. माझी सात रेकॉर्डिंगं फोन पाण्यात पडून गेली, त्यातल्या दोन आज्या आता हयात नाहीत.

ॲप्स विचारलीत, तर थोडक्यात. बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड दीक्षा ॲपमध्ये उघडतात. रेंज असेल तिथे आदल्या रात्री उतरवून ठेवा, वर्गात नेटच्या भरवशावर राहू नका. विज्ञानासाठी कोलोरॅडो विद्यापीठाची फेट सिम्युलेशन्स (पडद्यावर स्वतः करून पाहायचे प्रयोग), त्यातली बरीच मराठीत आहेत. भूमितीला जिओजेब्रा. किविक्स ॲपवर अख्खा मराठी विकिपीडिया नेटशिवाय वाचता येतो. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर टाकाऊतून केलेली विज्ञान खेळणी आणि मराठी पुस्तकं फुकट आहेत. टीव्हीला पेनड्राइव्ह लावणार असाल तर आधी तो फॅट३२ फॉरमॅट करून पाहा, बऱ्याच टीव्हींना दुसरा चालत नाही.

एक मात्र आहे. माझा वर्ग जवळपास सगळा अहिराणी होता. तुम्ही नंदुरबार जिल्ह्यात धडगाव-अक्कलकुव्याकडे असाल तर वर्गात पावरी, भिलोरी बोलणारी मुलं असतील. तिथे अहिराणी वाजवलीत तर त्यांच्यासाठी तीही परकीच. त्यांच्या घरची माणसं बोलवा. गणिताला या रेकॉर्डिंगचा फारसा उपयोग झाला नाही, हेही खरं. आणि मुलांचे आवाज, चेहरे घरच्यांना विचारल्याशिवाय स्टेटसला किंवा ग्रुपवर टाकू नका, केंद्राच्या ग्रुपवरसुद्धा नाही.

४० हजारांचं म्हणाल तर आधी शाळेच्या मीटरचं थकलेलं बिल भरा. मग एक दणकट ब्लूटूथ स्पीकर, एक ३२ इंची टीव्ही, दोन पेनड्राइव्ह आणि छोटा इन्व्हर्टर. उरलेले पैसे खर्च करू नका; पहिल्या पावसाळ्यात काय बिघडतं ते कळू द्या.